‘ॲडमिनिस्टर’ म्हणजे नक्की काय केलं?

इलेक्ट्रिकल लॅबच्या भिंतीवर विजेचा धक्का बसल्यास काय करावं याचा एक चार्ट लावलेला असतो. वर्कशॉपमध्येही असतो. हॉस्टेलच्या प्रथमोपचार पेटीच्या झाकणाच्या आतसुद्धा एक कागद चिकटवलेला असतो. अशा कागदांवरच्या इंग्रजी मजकुरात एक क्रियापद हमखास भेटतं : ‘ॲडमिनिस्टर’. फर्स्ट एड ॲडमिनिस्टर करा, ऑक्सिजन ॲडमिनिस्टर करा, बेशुद्ध माणसाला तोंडावाटे काहीही ॲडमिनिस्टर करू नका. आपण वाचतो, मान डोलावतो आणि पुढे जातो.

आता खरं सांगा, हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? फीची पावती घेऊन उभं राहायचं ती ॲडमिनची खिडकी, कॉम्प्युटर लॅबमधला ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ पासवर्ड, फार तर आयएएसवाले साहेब. म्हणजे हुकूम चालवणारी मंडळी! त्यांचा आणि खोकल्याच्या औषधाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो समजून घेण्यात नुसती इंग्रजी व्याकरणाची हौस नाही. रात्री दोन वाजता रूममेट तापाने फणफणलेली असते, फोनवर डॉक्टर विचारतात, “काय दिलंत? किती? कसं? कधी?” तेव्हा या एका शब्दाचा नीट अर्थ माहीत असणं कामाला येतं. म्हणून हा लेख.

नोकराचा शब्द साहेब कसा झाला

लॅटिनमध्ये ‘मिनिस्टर’ म्हणजे नोकर, सेवक. त्या शब्दात ‘मायनस’ लपलेला आहे. मायनस म्हणजे कमी, लहान. जो दर्जाने लहान तो मिनिस्टर. याच्या उलट ‘मॅजिस’ म्हणजे अधिक, त्यावरून ‘मॅजिस्टर’, आणि त्यातूनच पुढे इंग्रजीतला ‘मास्टर’. तर या मिनिस्टरचं काम म्हणजे ‘मिनिस्ट्रारे’ : सेवा करणं, वाढणं, हाताशी उभं राहणं. त्याला ‘च्याकडे’ या अर्थाचा ‘ॲड’ जोडला की झालं ‘ॲडमिनिस्ट्रारे’. फ्रेंचमार्गे हा शब्द चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत आला. आला तेव्हा त्याचा एक अर्थ होता मालकाच्या वतीने घरदार, जमीनजुमला सांभाळणं. औषधाच्या संदर्भात तो सोळाव्या शतकात रुळला.

म्हणजे एकाच खोडाला दोन फांद्या फुटल्या. मालकाची मालमत्ता सांभाळणारा नोकर हळूहळू कारभारी झाला, कारभाऱ्याचा अधिकारी झाला आणि नोकराचा मंत्री झाला. ही झाली एक फांदी. दुसरी फांदी मात्र मुळाशी इमान राखून राहिली. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याला औषध देणारी व्यक्ती जे करते तेही ‘ॲडमिनिस्टर’च.

आपण मराठीत ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ला ‘प्रशासन’ म्हणतो. ‘शास्’ या धातूत आज्ञा आहे, शिस्त आहे, पण सेवा कुठेच नाही. जुना ‘कारभार’ हा शब्द निदान कामाचा भार तरी सांगायचा. त्यामुळे इंग्रजी शब्दातली सेवेची फांदी मराठीत आलीच नाही, ती ‘देणे’ या साध्या क्रियापदाकडे गेली. यातून गमतीही होतात. ‘ड्रग ॲडमिनिस्ट्रेशन’ म्हटलं की महाराष्ट्रात आठवतं ते अन्न व औषध प्रशासन, म्हणजे दुकानांचे परवाने आणि नमुने तपासणारं सरकारी खातं. पण नर्सिंगच्या पुस्तकात ‘ड्रग ॲडमिनिस्ट्रेशन’ नावाचं प्रकरण असलं, तर त्यात रोग्याला औषध कसं द्यायचं ते असतं. तिथे कोणी ‘औषधाचे प्रशासन’ असं भाषांतर केलं तर रोगी बिचारा अर्ज घेऊन रांगेत उभा राहील!

वाक्यात कसा वापरायचा

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे क्रियापदाचं ऑब्जेक्ट कोणतं आणि प्रिपोझिशन कोणतं हे घोकून घेतलेलं आहे. नियम सोपा आहे. ‘ॲडमिनिस्टर’चं कर्म म्हणजे दिली जाणारी वस्तू. माणूस येतो तो ‘टू’ लावून. ‘द नर्स ॲडमिनिस्टर्ड द मेडिसिन टू द पेशंट.’ मराठीतही हाच साचा आहे : नर्सने रोग्याला औषध दिले. औषध हे कर्म आणि रोग्याला ‘ला’. म्हणजे आपल्याला हे जड जायला नको.

तरी चुका होतात, आणि त्या कुठून येतात ते पाहण्यासारखं आहे. पहिली चूक ‘ॲडमिनिस्टर ऑन द पेशंट’. ही थेट मराठीतून येते, कारण आपण रोग्या‘वर’ उपचार करतो. तो ‘वर’ इंग्रजीत गेला की ‘ऑन’ होतो. दुसरी चूक ‘द डॉक्टर ॲडमिनिस्टर्ड द पेशंट’ एवढंच लिहून थांबायचं. इथे डॉक्टरांनी रोग्यालाच कोणाला तरी पाजलं असा अर्थ होतो! रोग्याला कर्म करायचं असेल तर ‘ट्रीट’ हे क्रियापद आहे. तिसरी चूक ‘ॲडमिनिस्ट्रेट’. हा शब्द इंग्रजीत आहे, पण तो ऑफिसच्या कामाला वापरतात. औषधासाठी ‘ॲडमिनिस्टर’च बरा.

वर्तमानपत्रात ‘ही वॉज ॲडमिनिस्टर्ड ऑक्सिजन’ अशी रचना खूप दिसते. ती आता इतकी रुळली आहे की तिला चूक म्हणवत नाही. पण परीक्षेत किंवा रिपोर्टमध्ये ‘ऑक्सिजन वॉज ॲडमिनिस्टर्ड टू हिम’ लिहिलं तर कोणी बोट ठेवणार नाही.

याचा एक जवळचा भाऊ आहे, ‘मिनिस्टर टू’. सिस्टर लोक आजाऱ्यांची शुश्रूषा करतात त्याला ‘मिनिस्टर टू द सिक’ म्हणतात. तिथे वस्तू लागत नाही, नुसती सेवा. ‘ॲडमिनिस्टर’ला मात्र काहीतरी द्यावं लागतं. आणखी एक चुलतभाऊ म्हणजे ‘रेंडर’. तो मदतीबरोबर येतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134 अ आलं. अपघातग्रस्ताला निःस्वार्थपणे मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं हे कलम आहे. त्यात जखमीला तातडीची मदत ‘रेंडर’ करणाऱ्याची व्याख्या आहे. म्हणजे मदत रेंडर करतात, औषध ॲडमिनिस्टर करतात. ‘फर्स्ट एड’ला दोन्ही चालतात.

नुसतं ‘देणं’ पुरेसं नाही

मग ‘गिव्ह’ हा साधा शब्द असताना एवढा लांबलचक शब्द कशाला? यासाठी या क्रियापदाबरोबर आणखी काय काय येतं ते बघा. शपथ ॲडमिनिस्टर करतात. राज्यपाल मंत्र्यांना शपथ देतात ती हीच. (मिनिस्टरला शपथ ॲडमिनिस्टर करायची, दोन्ही शब्दांचं मूळ एकच, नोकर!) न्याय ॲडमिनिस्टर करतात, शिक्षा ॲडमिनिस्टर करतात, चर्चमध्ये फादर बाप्तिस्मा ॲडमिनिस्टर करतात. सर्वेक्षणात ज्या प्रश्नावल्या लोक आपल्या हाताने भरतात त्यांना ‘सेल्फ-ॲडमिनिस्टर्ड’ म्हणतात.

या सगळ्यांत समान काय? देणारा वस्तू हातात ठेवून निघून जात नाही. ती ठरलेल्या रीतीने, पूर्ण होईपर्यंत दिली जाते, आणि ती पूर्ण झाल्याची जबाबदारी देणाऱ्यावर असते. शपथेचा कागद हातात ठेवला म्हणजे शपथ दिली असं होत नाही. बोलून घ्यावी लागते. औषधाचंही तेच. मी रूममेटच्या हातात गोळी दिली आणि मेसमध्ये जेवायला निघून गेले, तर मी ‘गिव्ह’ केलं. ती गोळी उशीखाली राहिली असेल तर ‘ॲडमिनिस्टर’ झालेलंच नाही.

हॉस्पिटलमध्ये म्हणूनच तीन क्रियापदं वेगळी ठेवतात. डॉक्टर ‘प्रिस्क्राइब’ करतात म्हणजे लिहून देतात. फार्मासिस्ट ‘डिस्पेन्स’ करतो म्हणजे मोजून काढून देतो. नर्स ‘ॲडमिनिस्टर’ करते म्हणजे ते रोग्याच्या शरीरात पोचवते. मराठीत तिघांनाही आपण ‘औषध दिलं’ म्हणतो. डॉक्टरांनी दिलं, केमिस्टने दिलं, सिस्टरने दिलं. त्यामुळे ‘औषध दिलं का?’ या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर आलं, तरी औषध नक्की कुठपर्यंत पोचलं हे कळत नाही.

हा फरक अख्ख्या देशाने आकड्यांत पाहिलेला आहे. 16 जानेवारी 2021 ला भारतात कोविडचं लसीकरण सुरू झालं. त्या काळात रोज दोन वेगळे आकडे यायचे. एक, राज्यांना पुरवलेल्या डोसांचा आणि दुसरा, ‘ॲडमिनिस्टर’ झालेल्या डोसांचा. शीतपेटीतली लस पहिल्या आकड्यात असायची, दंडात गेलेली दुसऱ्या. 21 ऑक्टोबर 2021 ला जो 100 कोटींचा टप्पा साजरा झाला तो या दुसऱ्या आकड्याचा होता.

आणि हो, हा शब्द चांगल्याच कामासाठी वापरतात असंही नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेचं कलम 328 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत त्याच्या जागी कलम 123 आहे. इजा करण्याच्या किंवा गुन्हा करण्याच्या हेतूने, किंवा इजा होऊ शकते हे माहीत असूनही, कोणाला विष, गुंगीचं किंवा नशेचं द्रव्य देणं हा त्यातला गुन्हा आहे. आणि त्या ‘देण्या’ला कायद्याच्या इंग्रजीत ‘ॲडमिनिस्टर’च म्हटलं आहे. आपल्याकडे ‘पाजणे’ही असंच दोन्हीकडे चालतं. आई बाळाला पाजते आणि टवाळ मंडळी एखाद्या ज्युनिअरला बळजबरीने पाजतात. दुसऱ्या प्रकाराला हॉस्टेलमध्ये ‘गंमत’ म्हणतात. कायद्याच्या पुस्तकात गंमत नावाचं कलम नाही.

आपली क्रियापदं

आता मराठीकडे वळू. ‘ॲडमिनिस्टर’ला मराठीत एक शब्द नाही म्हणून काही जण हळहळतात. पण घरात आजीच्या तोंडी काय असतं ते आठवा. काढा पाजायचा. मधातून मात्रा चाटवायची. डोळ्यात थेंब घालायचे. नाकात तूप सोडायचं. कपाळाला सुंठ उगाळून लावायची. छातीला बाम चोळायचा. गळवावर पोटीस बांधायचं. पाय मुरगळला तर शेकायचा. सर्दी झाली तर वाफ द्यायची. दवाखान्यात गेलं की सुई टोचायची, सलाइन लावायचं. एका इंग्रजी क्रियापदाच्या जागी आपल्याकडे डझनभर आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटात औषध जाण्याचा मार्ग आहे.

इंग्रजीला हा मार्ग वेगळा सांगावा लागतो : ॲडमिनिस्टर ‘ओरली’, ‘इंट्राव्हेनसली’, ‘टॉपिकली’. मराठीत तो क्रियापदातच येतो. ‘पोलिओचा डोस पाजला’ म्हटलं की तोंडावाटे दोन थेंब, ‘लस टोचली’ म्हटलं की सुई. 1995 पासून पल्स पोलिओच्या मोहिमा झाल्या, तेव्हा गावोगावच्या आयांना काही समजावून सांगावं लागलं नसेल तर ते हेच. ‘पाजायचाय, टोचायचा नाही’ यात सगळं आलं. त्या थेंबांचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहेच. जानेवारी 2011 नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि 27 मार्च 2014 ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्त जाहीर केलं.

मार्ग इतका महत्त्वाचा का? आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर पाइपलाइन बदलली की आउटपुट बदलतं. गिळलेली गोळी आतड्यातून शोषली जाते आणि तिथलं रक्त आधी यकृतात जातं. यकृत हे फिल्टर प्लँटसारखं आहे, बऱ्याच औषधांचा मोठा हिस्सा ते तिथेच मोडून टाकतं. छातीत कळ आल्यावर घ्यायची नायट्रेटची गोळी म्हणूनच जिभेखाली ठेवतात. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतून औषध यकृताला बायपास करून सरळ रक्तात जातं आणि काही मिनिटांत काम करतं. घाबरून कोणी ‘गोळी दिली, पाणी पाजलं, गिळायला लावली’ असं केलं, तर गोळी तीच असूनही हवा तो परिणाम हव्या त्या वेळी मिळत नाही. त्याहून भयंकर उदाहरण व्हिन्क्रिस्टीनचं आहे. हे कॅन्सरवरचं औषध फक्त शिरेतून देतात. तेच चुकून मणक्यातल्या द्रवात टोचलं गेलं तर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. बाटली बरोबर, रोगी बरोबर, मात्रा बरोबर, फक्त मार्ग चुकला. नर्सिंगमध्ये म्हणूनच पाच गोष्टी तपासायला शिकवतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ.

मराठी क्रियापदांत अजून एक गोष्ट दडलेली आहे, आणि मला ती सगळ्यात जास्त आवडली. ‘पाजणे’ हे ‘पिणे’चं प्रयोजक रूप आहे. ‘चाटवणे’ हे ‘चाटणे’चं. म्हणजे मी पाजते तेव्हा पिण्याचं काम समोरची व्यक्ती करत असते. मी फक्त करवून घेते. ‘टोचणे’, ‘लावणे’, ‘घालणे’ यांत मात्र सगळं मीच करते, समोरच्याने काही केलं नाही तरी चालतं. आता चार्टवरचं ते वाक्य परत वाचा : बेशुद्ध माणसाला तोंडावाटे काही ॲडमिनिस्टर करू नका. का? कारण बेशुद्ध माणूस पिऊ शकत नाही. गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडायची जी क्रिया आपोआप होते तिचा त्याच्या बाबतीत भरवसा नसतो, त्यामुळे पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. जो पिऊ शकत नाही त्याला ‘पाजता’ येतच नाही. तिथे आपण करतो ते नुसतं ‘ओतणं’. हा प्रथमोपचाराचा नियम मराठी व्याकरणाने आधीच सांगून ठेवलाय!

तरी आपल्याकडे कोणी चक्कर येऊन पडलं की पहिली आरोळी ‘पाणी पाजा’ हीच असते. फिट आली तर कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा, दातांत चमचा घाला. यातलं काहीही करायचं नसतं. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करायच्या, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, झटके थांबले की कुशीवर वळवायचं, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. कधीकधी काही न देणं हाच प्रथमोपचार असतो.

द्यायचा हक्क कुणाचा?

‘ॲडमिनिस्टर’ म्हटलं की पांढरा कोट आठवतो. पण या शब्दाचा इतिहास वेगळं सांगतो. मुंबईत प्लेगची साथ पसरली तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. सेल्फ-ॲडमिनिस्टर्ड! परळच्या संस्थेला त्यांचंच नाव आहे.

दुसरी गोष्ट बंगालमधली. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धामुळे लाखो निर्वासित भारतात आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं आणि ते लावणारे हातही कमी पडत होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते द्रावण पिंपांत भरून ठेवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांना सांगितलं, तुम्हीच पाजा. कॉलऱ्याच्या अशा साथीत 30 टक्क्यांपर्यंत रोगी दगावत होते, ते प्रमाण त्यांच्याकडे 3.6 टक्क्यांवर आलं. औषध बदललं हे तर खरंच, पण क्रियापदही बदललं. ‘सलाइन लावणं’ फक्त प्रशिक्षित माणसाला जमतं, ‘पाजणं’ आईला, भावाला, शेजाऱ्याला जमतं. आज आपण ज्याला ओआरएस म्हणतो त्याच्यावर जगाचा विश्वास बसायला ही छावणी मोठं कारण ठरली. महालनबीस 2022 मध्ये वारले आणि 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

तिसरी गोष्ट आपल्या गडचिरोलीची. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बाळाला जंतुसंसर्ग झाला तर त्याच्या घरी जाऊन एक अँटिबायोटिक पाजायचं आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन टोचायचं, हे सगळं त्या करायच्या. 39 गावांतल्या या कामाचा अहवाल 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. इंजेक्शन देणं म्हणजे डॉक्टरांचंच काम, हा समज त्या बायकांनी खोटा ठरवला. पण एक लक्षात घ्या, त्यांना आधी नीट शिकवलेलं होतं, कधी द्यायचं, किती द्यायचं, कधी द्यायचं नाही हे ठरलेलं होतं, आणि प्रत्येक गोष्ट लिहून ठेवली जात होती. हक्क पांढऱ्या कोटातून आला नाही, शिकण्यातून आणि जबाबदारीतून आला.

हॉस्टेलपुरतं

मग आपण हॉस्टेलवाल्यांनी यातून काय घ्यायचं? आपल्याकडे डॉक्टर रात्री नसतात, वॉर्डन मॅडम किंवा सर असतात, वॉचमन काका असतात, मेसच्या मावशी असतात आणि आपण असतो. आपल्याला टोचायचं काही नसतं, पण पाजायचं आणि द्यायचं बरंच असतं.

जुलाबाचंच घ्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते एका ग्लासात ढवळून ‘स्ट्राँग’ करून द्यायचं नाही. जास्त मिठाने उलट त्रास होतो. एक लिटरमध्ये पूर्ण पाकीट, आणि मग घोट घोट पाजायचं. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, मेसमधला वाढायचा नव्हे!

तापाचं त्याहून अवघड आहे, कारण तिथे प्रेमळ माणसं जास्त असतात. एक मैत्रीण सकाळी क्रोसिन देते. दुपारी शेजारच्या खोलीतली कॅल्पॉल देते. रात्री तिसरी डोलो देते, ‘ही भारी आहे’ म्हणून. वर कोणीतरी सर्दीची गोळी. तिघींनीही मनापासून मदत केलेली असते, पण तिन्ही नावांमागे पॅरासिटामॉलच आहे, आणि सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही ते असतं. मोठ्या माणसाला 24 तासांत जास्तीत जास्त 4 ग्रॅम ही वरची मर्यादा, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. त्याच्या पुढे गेलं की यकृताला धोका. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा दारू पोटात असेल, तर धोका त्याच्या आधीच सुरू होतो. इथे ‘गिव्ह’ तिघींनी केलं आणि ‘ॲडमिनिस्टर’ कोणीच केलं नाही, कारण एकूण किती गेलं याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती.

यावर उपाय फुकटचा आहे. कोणी आजारी पडलं की तिच्या टेबलावर एक कागद चिकटवा. त्यावर पाच रकाने : काय दिलं (गोळीचं नाव नको, पाकिटावर बारीक अक्षरात असलेलं औषधाचं नाव), किती, कसं, किती वाजता, कोणी. ‘कसं’च्या रकान्यात आजीची क्रियापदं लिहा : पाजलं, चोळलं, थेंब घातले, वाफ दिली. गोळी समोर गिळली असेल तरच लिहा, नुसती हातात दिली असेल तर नको. कोणती गोष्ट आपल्याला सोसत नाही, पेनिसिलिनची ॲलर्जी वगैरे, तेही वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. डॉक्टरांकडे किंवा 108 च्या ॲम्ब्युलन्समध्ये जाताना तो कागद बरोबर न्या. इंग्रजीत सांगायची वेळ आली तर ‘पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, ॲडमिनिस्टर्ड ओरली ॲट टेन पीएम’ एवढं पुरे. मराठीत सांगायचं असेल तर ‘रात्री दहाला पॅरासिटामॉलची पाचशेची एक गोळी पाण्याबरोबर माझ्यासमोर गिळली’ म्हणा. डॉक्टरांना दोन्हीतून सारखीच माहिती मिळते.

आपल्या वर्गातल्या पुष्कळांना वाटतं की इंग्रजी शब्द वापरला की बोलणं शास्त्रीय होतं आणि मराठी म्हणजे घरगुती. या एका शब्दाच्या मागे लागल्यावर मला तरी तसं दिसलं नाही. ‘ॲडमिनिस्टर’ हा शब्द विचारतो, औषध खरंच पोचलं का आणि जबाबदारी कोणाची? ‘पाजणे-टोचणे-लावणे’ विचारतात, ते कुठल्या वाटेने गेलं आणि समोरचा माणूस ते घेण्याच्या स्थितीत होता का? आजाऱ्याला या सगळ्या प्रश्नांची उत्तरं लागतात.

तेव्हा पुढच्या वेळी प्रथमोपचार पेटी उघडाल तेव्हा झाकणावरचा कागद दोन्ही भाषांत वाचा. आणि तारखा उलटून गेलेल्या गोळ्या काढून टाका, पेटीत दोन पाकिटं ओआरएस आणि एक पेन ठेवा. पेन विशेष महत्त्वाचं, कारण ते कागदासाठी आहे. कोणी ढापू नका!